काल्याचं पोतं

"आधी शपथ घालावी बुवा, का आधी त्याच्या हातून बाटली फोडून घ्यावी?"

मोटारसायकल नीट उभी करायच्या आतच विश्वंभर महाराजांनी विचारलं.

यादवबुवा ओसरीत बसून गवारीच्या शेंगा मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाच्या हातून?"

"सोपानच्या."

"तुझ्या सोपानच्या?"

"माझ्याच, बुवा. माझ्याच घरात निपजलं हे."

बुवांनी एक शेंग मोडली. शिरा काढल्या. तुकडे टोपल्यात टाकले.

"बस," ते म्हणाले.

विश्वंभर महाराज बसले नाहीत. उभं राहून बोलायची त्यांची सवय अकरा वर्षांची होती. खडकतळ्याचे विश्वंभर महाराज तिडके म्हटलं की पंचक्रोशीतले दारूडे रस्ता बदलायचे, अशी त्यांची ख्याती. सप्ताह कुठल्याही गावचा असो, व्यसनमुक्तीचं कीर्तन त्यांचंच.

त्यांची एक रीत होती. कीर्तन संपत आलं की ते हाळी द्यायचे, 'ज्याला सोडायचीय त्यानं पुढं यावं.' मग कुणी लाजत, कुणी बायकोनं ढकललेला, कुणी खरोखरच कंटाळलेला असा एकेक जण बाटली घेऊन पुढं यायचा. महाराज त्याला 'माऊली' म्हणायचे आणि साऱ्या मंडपादेखत त्याच्या पायांवर डोकं ठेवायचे. बाटली पोत्यात जायची. सात दिवसांत पोतं भरायचं. आठव्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला, दहीहंडीच्या आधी, मंडपाच्या तोंडाशी ठेवलेल्या दगडावर त्या सगळ्या बाटल्या फुटायच्या. तो आवाज ऐकायला शेजारच्या गावांतून माणसं यायची. खोटं कशाला बोला, एखादा बेरकी गडी रिकामीच बाटली देऊन महाराजांकडून पाया पडून घ्यायचा. पण बहुतेक बाटल्या भरलेल्या असत.

आज खडकतळ्यात काला होता. महाराजांच्या स्वतःच्या गावात. दहा वाजता.

आणि आता साडेसात झाले होते.

"पहाटे काकड्याला पखवाजावर तो दिसला नाही," महाराज सांगू लागले. "म्हटलं, झोपला असेल. शोधत गेलो, तर शाळेच्या टाकीमागं. पाय ठरत नव्हते त्याचे. सोळा वर्षांचं पोर, बुवा! तोंडाला तो वास…"

"मग?"

"दोन ठेवून दिल्या. मागच्या बोळानं घरी आणला. कुणी बघितलं नाही, देवाची कृपा."

"मग?"

"कोठीच्या खोलीत घातलाय. लोखंडी दार आहे, बाहेरून कुलूप. दहापर्यंत उतरेल त्याची. मग सरळ मंडपात उभा करतो. सगळ्या गावासमोर शपथ. माझा पोरगा म्हणून सूट नाही. तुम्ही चला, तुमच्या हातानं माळ घाला त्याच्या गळ्यात. तुमची माळ मोडायची छाती नाही व्हायची त्याची."

बुवांनी शेंगांचं टोपलं जरा बाजूला सारलं.

बारा वर्षांपूर्वी घशाच्या दुखण्यात बुवांचा आवाज गेला होता. उरला होता तो फाटका, खरखरीत. त्याआधी चाळीस वर्षं ते कीर्तनाला उभे राहत आणि विश्वंभर त्यांच्या मागं टाळ धरून वाढला होता. आता बुवा अगदी मोजकं बोलत. शब्दाशब्दाला घसा दुखायचा.

"काय प्याला तो?"

"दारू."

"कसली?"

"ते… नाही विचारलं."

"कुणासंगं?"

"माहीत नाही."

"कधीपासनं?"

महाराज वैतागले. "बुवा, विचारायचं काय त्यात? समोर दिसत होतं."

"तो काय म्हणला?"

"म्हणतोय काय! मीच बोललो. चांगला अर्धा तास बोललो. दाराबाहेरूनसुद्धा बोललो."

"आन तो?"

खोलीत ढकलताना पोरानं चौकट धरून ठेवली होती, ते महाराजांना आठवलं. बोटं एकेक करून सोडवावी लागली होती.

"एवढंच म्हणाला… 'दादा, मंडपात नका नेऊ.' मी म्हटलं, नेणार. तर म्हणाला, 'मग बघा.'"

"काय बघा?"

"पुढं काही बोलला नाही."

बुवांनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

ती नजर विश्वंभर महाराजांना सोसवेना. "बुवा, तुम्हाला कळत नाही माझं काय होईल ते! अकरा वर्षं गावोगाव घसा फोडला. उद्या लोक तोंडावर म्हणतील, लोका सांगे ब्रह्मज्ञान. त्यापेक्षा मीच आज पुढं होऊन त्याला उभा केला, तर म्हणतील, महाराजांनी पोटच्या पोरालाही सोडलं नाही."

"लोक काय म्हणतील ते तुला इथवर ऐकू येतंय?"

महाराजांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"मागल्या साली आमच्या गावात कीर्तन केलंस. आठवतंय?"

"आठवतंय."

"तो गंगाराम पाथरवट आला होता पुढं."

"आला होता. उभं राहवत नव्हतं त्याला. मीच धरला."

"काय केलंस?"

"पायांवर डोकं ठेवलं त्याच्या."

"तो शुद्धीत होता?"

"नव्हता."

"मग उतरायची वाट नाही बघितलीस?"

"नाही."

"आज पहाटे टाकीमागं सोपान दिसला… तवा डोकं कुठं ठेवलंस?"

महाराजांचा चेहरा लाल झाला. "बुवा, गंगाराम परका माणूस!"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ते कसंसं वाटलं. शब्द मागं घ्यावा तर तो गेला होता. आणि बुवा नुसते बघत होते. रागावले असते तरी परवडलं असतं.

तेवढ्यात महाराजांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि बंद केला.

पुन्हा वाजला.

"घे," बुवा म्हणाले.

फोन सुलभाबाईंचा होता, त्यांच्या बायकोचा. त्यांचा आवाज ओसरीत बुवांनाही ऐकू येत होता.

"अहो, त्यो बोलंना झालाय. मघा उलट्या करत होता, आता काईच आवाज नाई. दार वाजवून वाजवून हात दुखले माझे. किल्ली कुठं ठिवलीय?"

महाराजांचा हात कमरेकडं गेला. किल्ली करगोट्याला होती.

"माझ्याकडंच आहे. झोपला असेल तो. नाटकं करतोय, दुसरं काय! दहापर्यंत दार उघडायचं नाही म्हणून सांगितलं ना? आणि कुणाला बोलावू नकोस. बोभाटा नको."

"आळीत हाय कोण बोलवायला? समदे मंडपात गेल्यात. अहो, या ना…"

बुवांनी हात पुढं केला. महाराजांनी मुकाट्यानं फोन त्यांच्या हातात दिला.

"सुलभा, मी यादवबुवा. दाराशी बस. त्याला हाक मार. बोल लावू नको, रागावू नको. नुस्ती हाक मारत ऱ्हा. आम्ही निघालो."

फोन परत देताना बुवांनी विचारलं,

"त्या खोलीत काय काय हाय?"

"काही नाही. सतरंज्या, मंडपाची कनात, दोन समया…"

"आन?"

"आणि काही नाही. तेवढं ते पोतं."

"कसलं पोतं?"

महाराजांनी तोंड उघडलं.

सात दिवसांचं पोतं. काल रात्रीच त्यांनी स्वतः त्या खोलीत ठेवलं होतं. आज फोडायच्या बाटल्या. बहुतेक भरलेल्या.

"बुवा…"

"पोतं कोण सांभाळतं?"

"सोपानच… सप्ताहभर बाटल्या तोच गोळा करतो. मी घेतो, त्याच्या हातात देतो. तोच आत टाकतो."

"किती साल?"

"दहा वर्षांचा होता तेव्हापासून."

बुवा उठले. गवारीचं टोपलं लवंडलं आणि शेंगा ओसरीभर झाल्या. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा, भिंतीला न धरता उठला आणि अनवाणीच अंगणात उतरून मोटारसायकलच्या मागं बसला.

"चल."

खडकतळं चार किलोमीटर. ओढ्याच्या पुलापर्यंत डांबर, पुढं नुसती खडी. महाराज गाडी हाकत होते आणि बोलत होते. "मी मुद्दाम नाही केलं बुवा… रागाच्या भरात ध्यानातच आलं नाही… तीच खोली मजबूत म्हणून…"

"गप. रस्ता बघ."

ते गप्प झाले. मग मात्र फार वाईट झालं, कारण बोलणं थांबलं की पोराची ती बोटं दिसायची. चौकटीवरची. ती सोडवताना आपण काय बोलत होतो? 'घराण्याचं नाक कापलंस.' हेच म्हणत होतो. त्यांनी देवाला हाक मारायचा प्रयत्न केला. हजारो लोकांना नाम घ्यायला लावणाऱ्या माणसाला त्या चार किलोमीटरांत देवाचं नाव नीट आठवेना.

गावात शिरताना मंडपातला भोंगा ऐकू आला. 'भाविकांनी जागा धरून घ्याव्यात. महाराजांचं आगमन लवकरच होत आहे.'

घराचं फाटक उघडंच होतं.

सुलभाबाई कोठीच्या लोखंडी दाराला कपाळ टेकून बसल्या होत्या. त्यांचा आवाज बसला होता. "सोपान… बाळा… सोपान…" एवढंच चाललं होतं. नवरा आलेला त्यांना कळलाही नाही.

महाराजांनी किल्ली काढली. किल्ली कुलपात जाईना. एकदा घसरली. दुसऱ्यांदा खाली पडली. बुवा शेजारी उभे होते. त्यांनी किल्ली मागितली नाही.

तिसऱ्यांदा लागली.

दार उघडताच वास अंगावर आला.

सतरंज्यांच्या ढिगाशी सोपान उताणा पडला होता. पोत्याचं तोंड सुटलेलं होतं. दोन बाटल्या जमिनीवर, एक अर्धी, एक रिकामी. अर्धीच्या गळ्याला लाल दोरा होता. काल रात्री एका म्हाताऱ्या शेतमजुरानं रडत रडत ती महाराजांच्या हातात दिली होती, आणि सगळा मंडप टाळ्या वाजवत होता. पोराचे ओठ काळपट दिसत होते. गळ्यातून घरघर येत होती, मध्येच थांबत होती.

विश्वंभर महाराज चौकटीत खिळले. आणि सवयीचा जोर तो असा, की त्यांच्या तोंडून निघालं,

"सोप्या! लाज नाही वाटली तुला—"

बुवांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

सबंध पंजा, घट्ट. गवारीचा वास येत होता त्याला. अकरा वर्षांत विश्वंभर महाराजांना मध्येच कुणी थांबवलं नव्हतं.

मग बुवा आत गेले, त्या घाणीत गुडघे टेकून बसले. पोराला त्यांनी कुशीवर वळवलं. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळून तोंडातली घाण काढली. पोरगं मोठ्यानं ओकलं. खोकलं. मग त्यानं लांब श्वास घेतला.

"इकडं ये," बुवा म्हणाले. "असा धर. कुशीवरच. पाठीवर जाऊ देऊ नको."

महाराज बसले. पांढरं शुभ्र धोतर, काल्यासाठी काढलेलं. त्यांनी पोराचं डोकं मांडीवर घेतलं. मग त्या डोक्याला हात लावायचं धैर्य त्यांना होईना. शेवटी त्यांनी कपाळावरचे केस मागं सारले. केस ओले, गार होते.

सुलभाबाई धावत जाऊन मंडपातला सामानाचा टेम्पो घेऊन आल्या. ड्रायव्हरला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, 'पोरगं आजारी हाय.' चौघांनी मिळून त्याला उचललं. टेम्पोच्या हौद्यात सतरंजी अंथरली. तालुक्याचा सरकारी दवाखाना अर्ध्या तासावर.

टेम्पो अजून अंगणातच होता. हौद्यात बसताच सुलभाबाईंना रडू फुटलं.

"मला दिवाळीपास्नंच वास यायचा…"

महाराजांनी चमकून बघितलं. "मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यानंच पाय धरले माझे. म्हणला, 'आई, मी सोडतो. पण दादांना सांगू नको. ते माईकवर सांगतील.'"

महाराजांनी सतरंजीचं टोक पोराच्या अंगावर ओढलं.

"नववीत नापास झाला तवा सांगितलं होतं ना तुम्ही… चार गावांत, कीर्तनात. लोक हसले होते." पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "तवापास्नं त्यो काईच सांगत नाई."

ते कीर्तन महाराजांना आठवलं. दृष्टांत छान रंगला होता. सोपान तेव्हा मागं पखवाज वाजवत होता आणि तो कुठं चुकला नव्हता.

मांडीवरचं डोकं हललं. सोपाननं डोळे किलकिले केले. समोर बापाचं तोंड दिसताच त्यानं अंग चोरलं, एखाद्या लहान लेकरानं मार चुकवायला चोरावं तसं.

महाराजांना ते सहन झालं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सगळ्या गावच्या सुनांना आणि आयांना रडवणारा हा माणूस स्वतः रडताना कुणी बघितला नव्हता. ड्रायव्हरनं मान वळवली.

तेवढ्यात भोंगा पुन्हा वाजला. 'महाराजांनी व्यासपीठावर यावं. काल्याचं कीर्तन ठीक दहाला सुरू होईल. महाराजांना विनंती…'

महाराज दचकले. एका बाजूला मंडप होता, दोन हजार माणसं होती, दगड मांडून ठेवला होता.

"बुवा, मंडप…"

"मी उभा ऱ्हातो."

"तुमचा आवाज…"

"हाय तेवढा पुरंल."

"पोतं मागतील लोक."

"मागू देत."

"त्यांना काय सांगाल? सोपानचं…"

"घरात आजारी माणूस हाय म्हणीन. खोटं हाय का?"

महाराजांनी मान हलवली. खोटं नव्हतं.

बुवांनी घाण झालेलं उपरणं अंगणातल्या हौदात खळखळून धुतलं, पिळलं आणि तसंच ओलं खांद्यावर टाकलं. मग टेम्पोचा मागचा फाळका वर घेतला. एक खिटी बसवली. दुसरी बसवू लागले.

"बुवा," विश्वंभर महाराजांनी फाळक्यावरून हात पुढं करून त्यांचं मनगट धरलं. पोराला ऐकू जाऊ नये म्हणून ते अगदी हळू बोलले. "हा शुद्धीवर येईल. माझ्याकडं बघेल. तेव्हा मी त्याला काय सांगू?… एक वाक्य द्या. पहिलं वाक्य तरी द्या."

बुवांनी दुसरी खिटी बसवली.

"आज कीर्तन त्याचं. तू टाळकरी."